सोनकेशीचे आठ दिवस

आमच्या घरात रविवारची दुपार म्हणजे मिरची आणि खबर. मिरची, कारण आमचं घर नंदुरबारच्या मिरच्या वाळत घालायच्या मैदानाला, पथारीला, लागून होतं आणि माय वाळलेल्या मिरचीची पोती देठ खुडायला घरी आणायची. आणि खबर, कारण माझे वडील, आबा, टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचे आणि रविवारी सकाळच्या खेळाला तिथे जुने इंग्रजी नाचगाण्याचे सिनेमे लागत. हॉलमध्ये मोजकीच डोकी. त्यातल्याही निम्म्यांना थंड जागी झोप हवी असायची. पण दोन माणसं एक खेळ चुकवत नसत. एक गार्डकाका, सुरतेकडचे, मालगाडीवर गार्ड; आणि दुसऱ्या एस्तेरसिस्टर, खांडबाऱ्याकडच्या, इथल्या दवाखान्यात नर्स. खेळ सुटला की ही दोघं आबांबरोबर आमच्या ओट्यावर येत आणि सिनेमातल्या नाचणाऱ्या माणसांविषयी एकेक खबर सांगत. माय म्हणायची, "गप्पा हाका, पन हात बी चालू द्या." मग प्रत्येकाच्या पुढ्यात मिरचीचा ढीग पडायचा. ज्याच्याकडे त्या आठवड्याला खबर नसेल त्याला दुसऱ्याच्या वाट्याचा ढीगही खुडावा लागे. मिरचीने बोटं अशी पेटत की ज्याचं नाव ते, त्यामुळे खबर आणण्यात कोणी हयगय करत नसे.

त्या नटनट्यांची खरी नावं आमच्या कोणाच्या जिभेवर बसली नाहीत. मग आबांनीच त्यांची बारशी केली. उंच, काळ्या टोपीचा नाचणारा तो टोपीभाऊ. त्याच्याबरोबरची पिवळ्या केसांची ती सोनकेशी. जाडा, गोड आवाजाचा तो लाडूमामा. आणि त्यांच्याविषयी बोलणं असं चाले, जणू ही सगळी शहाद्याला नाहीतर दोंडाईच्याला राहणारी आमची नातेवाईक माणसं. टोपीभाऊची टोपी पडू नये म्हणून आतून डिंक लावतात. लाडूमामाला पाण्याची भीती वाटते, तळ्याकाठचं ते गाणं रंगवलेल्या पडद्यापुढे उभं केलंय. सोनकेशीला कुत्रा चालत नाही, मांजर चालते. काय करायचं होतं हो आम्हाला तिच्या मांजरीशी? पण आबांचे डोळे असे लकाकत! संवादातला एक शब्द त्यांना कळत नसे. ते म्हणत, "बोलनं नही समजत, पाय समजतस." आजही मी फोनवर अशा एका गटात आहे. जुन्या इंग्रजी नाचगाण्याच्या सिनेमांचे शौकीन, नाशिकचे, सुरतेचे, पार कुठकुठचे, सकाळी उठून एकमेकांना माहिती पाठवतात. खऱ्याखोट्याची तिथे कोणाला फारशी फिकीर नसते. हात जोडलेली आणि टाळ्यांची चित्रं मात्र पटापट येतात.

आमच्याकडे मात्र फिकीर होती. आबांचा नियम होता, कागदाशिवाय खबर नाही. कोणी नवीन काही सांगितलं की ते मिरचीतला हात वर करून म्हणत, "कागद दखाड." कागद म्हणजे गार्डकाका आणायचे ती जुनी इंग्रजी सिनेमाची मासिकं, कोणीतरी पहिल्या वर्गाच्या डब्यात टाकून गेलेली, कधी चहा सांडलेली, कधी मुखपृष्ठ फाटलेली. आता गंमत अशी की तो कागद वाचणार कोण? आबांना मराठी वाचता येई. गार्डकाकांना स्टेशनांच्या पाट्या आणि ड्युटीचे कागद वाचण्यापुरतं इंग्रजी. एस्तेरसिस्टरना औषधांची नावं. उरले मी, शाळेत इंग्रजीत पहिली येणारी नलू, डोक्याला तेल चोपडलेली आणि मांडीवर डिक्शनरी घेतलेली. मी बोट ठेवून वाचायची, अडले की डिक्शनरी उघडायची, आणि सगळी मोठी माणसं हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. "नलू वाची ऱ्हायनी, गप बठा," आबा म्हणायचे. त्या एका वाक्यासाठी मी आठवडाभर जगत असे. खोटं कशाला बोलू?

कारण एरवी घरात सगळ्यांच्या नजरा ताईवर. माझी मोठी बहीण शकू. दिसायला चारचौघींसारखी, पण पाय असे की उभ्या जागी ताल धरायचे. एकदा मासिकातल्या चित्रावरून मी वाचून दाखवलं होतं, की ह्या लोकांच्या बुटांच्या तळव्याला लोखंडी पट्टी असते, म्हणून टकाटक वाजतं. ती खबर अगदी खरी होती. ताईने दुसऱ्याच दिवशी थंड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं गोळा केली, चपटी केली आणि आबांच्या जुन्या बुटांच्या तळाला खिळ्यांनी ठोकली. बूट मोठे, म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या. परसात डब्यांचा एक सपाट पत्रा टाकून ती नाचायची. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या भोकातून पाहून पाहून शिकलेलं सगळं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच्यामागे पथारीवरच्या बायांचं ठसकणं, मायच्या तव्यावर पडणारी कळण्याची भाकरी, ठेच्याची फोडणी आणि मधूनच भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी. माय तोंडाला पदर लावून म्हणायची, "माय वं, ही पोर पत्राले भोक पाडी!" पण बघायची. भाकरी करपेपर्यंत बघायची.

त्या वर्षी थंडीत गार्डकाकांची ड्युटी बदलली आणि लागोपाठ काही रविवार नवीन मासिक आलं नाही. जुन्यातलं सगळं वाचून झालेलं. एस्तेरसिस्टरनी तर तीच मांजरीची खबर दुसऱ्यांदा सांगायचा प्रयत्न केला आणि आबांनी त्यांना मुकाट्याने मिरचीचा दुसरा ढीग दिला. मग आबा माझ्याकडे वळले. माझ्या हातात एका जुन्या मासिकाचं, तेवढं एकच वाचायचं राहिलेलं शेवटचं पान होतं. त्यावर सोनकेशीचा फोटो होता. खुर्चीत बसून, एक बूट काढून, पाऊल हातात धरलेलं. खाली पायाला लावायच्या कसल्याशा मलमाची जाहिरात, इतकंच. आबा म्हणाले, "काय लिखेल शे, बेटा?" नेमकी त्याच वेळी ताई परसातून धापा टाकत आली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मला ते सोसलं नाही. मी पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. सोनकेशीच्या बुटात खिळा घुसला होता. वरून घोटाही मुरगळलेला. डायरेक्टर म्हणाला, थांब. ती म्हणाली, नाही. पूर्ण गाणं एका दमात नाचली, आणि हसत नाचली. बूट काढला तर आत रक्त. माना परत माझ्याकडे आल्या होत्या. एस्तेरसिस्टरनी काळजीने विचारलं, "मग पुढे? बरी झाली का ती?" मला कोणी दुःखी व्हायला नको होतं. मी म्हणाले, "आठ दिवसांत ठणठणीत. परत नाचली."

आबांनी मिरचीचे हात तसेच डोळ्यांना लावले आणि डोळे चोळत, रडत, हसत बसले. "वा रे पोरी!" सोनकेशीला म्हणत होते की मला, देव जाणे. पुढच्या रविवारी गार्डकाका आले, तेव्हा आबांनी त्यांना ती खबर स्वतः सांगितली, उभं राहून, हातवारे करून. "गज़ब औरत है," गार्डकाका म्हणाले, आणि ते पान नीट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवून घेऊन गेले. ताई मला म्हणाली, "नलू, परत सांग ना." मी परत सांगितलं. दर वेळी थोडं आणखी छान सांगत गेले.

शाळेचं गॅदरिंग तीन दिवसांवर आलेलं असताना ताई टॉकीजच्या शिडीवरून घसरली. आबांचा जेवणाचा डबा वर देऊन उतरत होती, पायऱ्यांवर तेल सांडलेलं होतं. घोटा वांग्यासारखा झाला. एस्तेरसिस्टर ड्युटीवरून तशाच आल्या, त्यांनी पाय हातात घेऊन दाबून पाहिला आणि ताईने ओठ चावला. "हाडाला चीर गेलेली दिसते. फोटो काढायला पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "आणि तोपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. नाच तर विसरूनच जा." माय म्हणाली, तेच खरं, जीव मोठा की नाच मोठा. पण ताई उशीवरून उठून बसली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मला ओट्याकडे पळून जावंसं वाटलं. ती म्हणाली, "सोनकेशी नाचनी ना? तिन्हा बी घोटाच मुरगळना व्हता. आठ दिनमा चांगली व्हयनी ना?"

आबा खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनाही ती नाचायला हवी होती, हे मी आज सांगते. तेव्हा कोणी बोलून दाखवलं नाही. ते माझ्याकडे वळले. "नलू, तू वाचं व्हतं. खरं शे ना ते?" खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, नेहमी बघायचे तसे. एक शब्द पुरेसा होता. जाहिरात होती आबा, मलमाची. एवढंच म्हणायचं होतं. पण मग मांडीवरची डिक्शनरी गेली, नलू वाची ऱ्हायनी गेलं, आधीच्या सगळ्या खऱ्या खबरीही खोट्या ठरल्या असत्या. मी चौदा वर्षांची होते, ही सबब मी पुष्कळ वर्षं स्वतःला दिली. मी म्हणाले, "छापेल शे."

"छापलेलं असेल तर असेल," एस्तेरसिस्टर म्हणाल्या, "पण हे हाड शकूचं आहे." त्यांचं कोणी ऐकलं नाही. छापलेल्यापुढे बिचाऱ्या नर्सचं काय चालणार! आबांनी आपल्या हाताने ताईच्या घोट्याला ओली पट्टी घट्ट गुंडाळली, कारण सोनकेशीनेही पट्टी बांधली होती. तेही मीच कधीतरी वाढवून सांगितलं होतं.

गॅदरिंग भर दुपारी होतं, शाळेच्या पटांगणात, फळ्यांच्या स्टेजवर. ताईचा पत्रा आबांनी सायकलवर बांधून नेला होता. ती पांढरा सदरा आणि कोणाचीतरी काळी टोपी घालून आली, कर्ण्यातून गाणं सुरू झालं आणि तिने पहिला ठोका मारला. नंदुरबारने असलं काही कधी पाहिलं नव्हतं. ती हसत होती. गाणंभर हसत होती, एकदाही तोंड वाकडं केलं नाही, आणि सगळ्या पटांगणात मला एकटीला ठाऊक होतं की ते हसणं मुळात कोणी रचलंय. मला वाटलं स्टेजवर जाऊन तिचे पाय धरावेत. मी जागची हलले नाही. टाळ्या इतक्या पडल्या की मुख्याध्यापकांना दोनदा हात वर करावा लागला. ती वाकून नमस्कार करून पडद्यामागे गेली आणि तिथे जी पडली, ती आबांनी उचलूनच घरी आणली.

पुढचं प्लास्टर, दवाखाना, सुरतेच्या डॉक्टरची खेप, ते सगळं मी लांबवत नाही. हाड जुळलं, पण वाकडं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ताईच्या खाटेशेजारच्या भिंतीवर तिने कोळशाने उभ्या रेघा मारलेल्या मी पाहिल्या होत्या, रोज एक. विचारलं नाही. मग एका दुपारी आतून धप्पकन आवाज आला. माय आणि मी मिरची टाकून धावलो तर ताई प्लास्टरसकट जमिनीवर पडलेली. झोपेत पडली असेल असं माय म्हणाली, आणि ताईनेही मान हलवली. त्यानंतर भिंतीवर नवीन रेघ आली नाही. बूट तिने स्वतःच कुठेतरी टाकून दिले. बघायला येणारी मंडळी "मुलीला जरा चालून दाखवू द्या" म्हणायची, तेव्हा ती जागची उठायची नाही, मग मंडळीच उठून जायची. शेवटी एका भल्या माणसाने तिला बसलेलीच पसंत केली आणि संसार चांगला झाला. पण तो पाय तिने त्या दिवसापासून कोणाला दिसू दिला नाही. साडी टाचेच्या खाली, बसली की पाऊल उशीखाली. माझ्या देखत तर नाहीच. आबा मात्र जन्मभर सांगत राहिले, भेटेल त्याला, "मन्ही शकू सोनकेशीगत नाचनी." याच समाधानात ते गेले. मी इंग्रजीची शिक्षिका झाले, तीसेक वर्षं पोरांना सांगत राहिले की समजलं नाही तर अंदाजे उत्तर ठोकू नका.

आता या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या त्या फोनवरच्या गटात एका बाईंचा संदेश आला. सुरतेच्या होत्या. "तुम्हाला माहीत आहे का?" अशी सुरुवात, आणि खाली सोनकेशीचं खरं नाव घालून अख्खी खबर. खिळा, घोटा, रक्त, हसणं, आठ दिवस. शेवटी लिहिलं होतं, माझे वडील रेल्वेत गार्ड होते, ते आम्हाला नेहमी सांगत. माझ्या हातातला चहा गार झाला. खाली टाळ्यांची रांग लागली होती. एका गृहस्थांनी तर लिहिलं, "अगदी बरोबर, मीसुद्धा हे एका पुस्तकात वाचलंय." कुठल्या पुस्तकात रे बाबा? ते पुस्तक आमच्या ओट्यावर मिरचीत हात घालून बसलं होतं!

ताईही त्या गटात आहे. कधी लिहीत नाही, वाचते. मी तडक तिच्याकडे गेले, ती इथेच, दोन गल्ल्या टाकून राहते. दारातच तिचा आवाज ऐकू आला. ती मोठ्याने तोच संदेश वाचत होती आणि समोर तिची नात तन्वी पाय पसरून बसली होती, घोटा सुजलेला, निळा पडलेला. कॉलेजच्या नाचाची स्पर्धा परवावर आलेली. "ऐकलं ना?" ताई नातीला म्हणत होती. "मी बी अशीच नाचनू व्हती. नाचनारी नाचसच." तन्वीने मला पाहिलं आणि तोंड फुगवून म्हणाली, "नलूआजी, डॉक्टर नाही म्हणतात. पण हे खरं आहे ना? तू इंग्रजीची टीचर आहेस, तू सांग."

परत सगळे माझ्याकडे बघत होते. मी दारातच टेकले. म्हणाले, "खोटं आहे. ती मलमाची जाहिरात होती. मला दुसरी खबर नव्हती म्हणून मी बनवली." तन्वी हसली, तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ताई हसली नाही. तिने फोन हळूच उलटा करून गादीवर ठेवला. "खिया बी?" तिने विचारलं. मी म्हणाले, खिळाही. "हासनं बी?" तेही. मग माझ्याकडे न बघता, "आठ दिन बी तूच सांगेल व्हतं?" मी मानेनेच हो म्हटलं. मला तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आठवा दिन मी खाटवरतीन उतरनू. पाय टेकाले. पडनू. तवपासून माले वाटे, मन्हामाच काही कमी शे. तिन्हामा व्हतं ते मन्हामा नही." एवढं बोलून तिने तन्वीचा पाय आपल्या हाताने उचलून गादीवर, उशीवर ठेवला आणि मला म्हणाली, "जाय आते तू घर."

मी घरी आले. दुपार उलटून गेल्यावर गटात लिहिलं, माझं नाव घालून, की ही माहिती खोटी आहे, मी शाळेत असताना माझ्या मनाने रचली, आणि तिच्यामुळे एका माणसाचा पाय कायमचा गेला. कृपया पुढे पाठवू नका. मग 'पुस्तकात वाचलंय' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" आबांचाच प्रश्न. कागद दखाड. त्या पानाचं काय झालं असेल देव जाणे, माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं.

तेवढ्यात ताईचं नाव वर आलं. गटात ती पहिल्यांदाच काही पाठवत होती. शब्द एकही नव्हता, नुसता फोटो. फरशीवर ठेवलेलं उघडं पाऊल, साडी वर धरलेली, घोटा आत वळून गाठीसारखा बसलेला. इतकी वर्षं इतक्या जवळ राहून तो पाय मी पहिल्यांदा पाहिला.